युनिकॉर्न: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कपाळावर एकच शिंग असलेला, पांढराशुभ्र, सहसा कुणाच्या हाती न लागणारा गोष्टींतला प्राणी म्हणजे युनिकॉर्न. तो कधी जन्मला नाही, पण त्याचं प्राणिशास्त्र शतकानुशतकं पूर्ण गांभीर्यानं लिहिलं गेलं: तो काय करतो, कुठे राहतो, त्याला कसं पकडावं, त्याच्या शिंगाचा उपयोग काय. त्यातली जवळजवळ प्रत्येक नोंद कुठल्या ना कुठल्या खऱ्या जनावराच्या दारात जाऊन थांबते, आणि म्हणूनच हा प्राणी नीट समजून घेण्यासारखा आहे. पालक, शिक्षक, चित्रकार आणि मुलांसाठी लिहिणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. जुन्या ग्रंथांत काय लिहिलं आहे आणि खऱ्या प्राण्यात काय आढळतं, हे उत्तरांत वेगवेगळं ठेवलं आहे.

१. युनिकॉर्न खरंच होता का? मुलगी विचारते, तिला काय सांगू?

घोड्यासारखा, कपाळावर एक शिंग असलेला प्राणी कधीच नव्हता. त्याचं हाड, दात, कातडं काहीही सापडलेलं नाही. पण “सगळं खोटं आहे” एवढंच सांगून थांबू नका. ज्यांनी त्याच्याबद्दल लिहिलं त्यांतले बहुतेक फसवत नव्हते. दूरदेशी न गेलेल्या माणसांनी प्रवाशांकडून ऐकलेली वर्णनं जोडली आणि तीन-चार खऱ्या प्राण्यांचा मिळून एक प्राणी तयार झाला. एकशिंगी गेंडा खरा आहे, आणि ज्याचा पीळदार सुळा युनिकॉर्नचं शिंग म्हणून विकला गेला तो नारव्हाल हा देवमासाही खरा आहे. मुलीला या दोघांची छायाचित्रं दाखवा. गेंड्यासाठी प्रश्न ३ आणि १०, नारव्हालसाठी प्रश्न ७ पाहा.

२. युनिकॉर्न युरोपातला ना? मग त्याचा भारताशी संबंध कसा?

युरोपच्या लिखित परंपरेत तो पहिल्यांदा येतो तोच भारतीय प्राणी म्हणून. क्टेसियस हा ग्रीक वैद्य इराणच्या सम्राटाच्या, दुसऱ्या अर्तक्षत्राच्या दरबारी होता. इ.स.पू. ४०० च्या सुमारास त्यानं भारतावर एक ग्रंथ लिहिला. तो स्वतः भारतात कधी आला नाही. दरबारात येणाऱ्या व्यापाऱ्यांकडून आणि दूतांकडून ऐकलेलं त्यानं लिहून ठेवलं. मूळ ग्रंथ हरवला, पण नंतरच्या लेखकांनी काढलेला सारांश उरला आहे.

त्यातलं वर्णन असं: भारतात घोड्याएवढी किंवा त्याहून मोठी रानगाढवं आहेत. अंग पांढरं, डोकं गडद तांबडं, डोळे निळे. कपाळावर एक-दीड हात लांबीचं शिंग. बुडाशी पांढरं, मध्ये काळं, टोकाला लालभडक. त्या शिंगाच्या पेल्यातून पिणाऱ्याला विष बाधत नाही. प्राणी आधी सावकाश पळतो आणि मग वेग वाढवत नेतो. तो जिवंत हाती लागत नाही. पिलांना घेऊन चरायला आला की घोडेस्वार त्याला घेरतात, तेव्हा पिलं सोडून तो पळत नाही आणि लढत मरतो. मांस कडू, म्हणून शिकार फक्त शिंगासाठी आणि घोट्याच्या हाडासाठी.

आजच्या गोष्टींतला युनिकॉर्न या वर्णनात बराचसा तयार आहे. शिंगाचा पीळ आणि सोबतची कुमारिका तेवढी नंतर आली.

३. मग ते वर्णन नेमकं कोणत्या प्राण्याचं आहे?

एकाचं नाही. तुकडे सुटे केले की पत्ते सापडतात.

एकच शिंग आणि विषावर उतारा, हे भारतीय गेंड्याकडून आलं. गेंड्याच्या शिंगाला औषधी मानण्याची समजूत आशियात जुनी आहे. पण त्याचं शिंग नाकावर असतं, कपाळावर नाही. ते साधारण २५ सेंटिमीटरचं, क्वचित ६० च्या जवळ जाणारं आणि करड्या-काळ्या रंगाचं असतं. पांढरा-लाल रंग कदाचित शिंगापासून बनवलेल्या रंगीत पेल्यांचा असेल.

फिकट अंग, घोड्यासारखा बांधा आणि वेग हे रानगाढवाचं. ते आजही कच्छच्या छोट्या रणात आहे. तिथे त्याला घुडखर म्हणतात. पाठ मातकट, पोट पांढरं, आणि वेगात तो घोड्यालाही दमवतो.

कपाळावरून निघणारं लांब, टोकदार शिंग हरिणवर्गाकडचं असावं. तिबेटी चिरू किंवा अरबी ओरिक्स बाजूनं पाहिला तर दोन सरळ शिंगं एकावर एक येऊन एकच दिसतं. काळविटाच्या झुंजीत शिंग तुटतं आणि एकाच शिंगाचा नर कळपात फिरताना दिसू शकतो. काळवीट पाहायला रेहेकुरी किंवा नान्नजच्या अभयारण्यात जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

४. ग्रीक राजदूत मेगॅस्थेनीस तर पाटलिपुत्रात राहून गेला. त्याला गेंडा ओळखता आला नाही का?

त्याच्या नावावर मानलं जाणारं वर्णन एलियन या रोमन काळातल्या लेखकाकडून आपल्यापर्यंत आलं आहे आणि ते क्टेसियसच्या वर्णनापेक्षा गेंड्याच्या बरंच जवळ जातं. प्राणी पूर्ण वाढलेल्या घोड्याएवढा, पाय हत्तीसारखे, शेपटी डुकरासारखी, आवाज कर्कश. तो एकटा राहतो, इतर प्राण्यांशी शांत वागतो पण स्वजातीयांशी भांडतो, फक्त माजाच्या दिवसांत मादीशी मवाळ होतो. ही एकांडी वागणूक गेंड्याची म्हणून सहज पटते. पण त्याच वर्णनात आयाळ आहे, तांबूस रंग आहे, आणि भुवयांमधून निघणारं काळं, पीळ असलेलं शिंग आहे. काळं आणि पिळाचं म्हटलं की काळवीट आठवतो. म्हणजे प्रत्यक्ष भारतात राहिलेल्या माणसाच्या नावावरच्या मजकुरातही दोन प्राणी एकमेकांत मिसळलेले आहेत.

५. चित्र काढायचं आहे. खूर घोड्यासारखे की शेळीसारखे?

तुम्ही कोणत्या काळाचा युनिकॉर्न काढताय त्यावर ते ठरतं.

क्टेसियसचा प्राणी गाढवाच्या जातीचा, म्हणून खूर अखंड. ॲरिस्टॉटलनं एकशिंगी प्राण्यांत भारतीय गाढव अखंड खुराचं आणि ओरिक्स दुभंगलेल्या खुराचा असा फरक केला होता. मध्ययुगीन युरोपात मात्र दुभंगलेला खूरच रूढ झाला. इ.स. १५०० च्या आसपासच्या भिंतीवर टांगायच्या विणलेल्या चित्रपडद्यांच्या दोन प्रसिद्ध मालिका, पॅरिसच्या क्लूनी संग्रहालयातली सहा पडद्यांची आणि न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स संग्रहालयातली सात पडद्यांची, डोळ्यांसमोर ठेवा. तिथे युनिकॉर्न असा आहे: बांधा घोडा आणि शेळी यांच्या मधला, हनुवटीखाली शेळीची दाढी, खूर दुभंगलेले, शिंग लांब, सरळ आणि पीळदार. राजचिन्हांवरच्या युनिकॉर्नला याशिवाय सिंहाची गोंडेदार शेपटी असते. दाढी नसलेला, अखंड खुरांचा पांढरा घोडा हे अलीकडचं रूप.

सर्वाधिक होणारी चूक म्हणजे सरमिसळ: दाढी आणि सिंहाची शेपटी जुनी, खूर घोड्याचे आणि आयाळ इंद्रधनुषी. मुलांच्या पुस्तकात ते चालतं, पण मध्ययुगीन किल्ला पार्श्वभूमीला असेल तर डोळ्यांना खटकतं.

६. शिंग किती लांब काढावं आणि कपाळावर नेमकं कुठे?

क्टेसियसचं ४५ ते ७० सेंटिमीटर, रोमन लेखक प्लिनीचं दोन हात म्हणजे सुमारे ९० सेंटिमीटर आणि काळं. मध्ययुगीन चित्रांतलं शिंग याहून लांब दिसतं, कारण चित्रकारांसमोर नारव्हालचे सुळे होते.

प्राणी जिवंत वाटायला हवा असेल तर हिशेब करा. खांद्यापाशी १२० सेंटिमीटर उंचीच्या तट्टाला ४५ ते ६० सेंटिमीटरचं शिंग शोभतं. अडीच मीटरचा नारव्हालचा सुळा दहा किलोपर्यंत भरतो. तेवढं वजन कपाळापुढे लोंबत राहिलं तर मान सतत खाली ओढली जाईल. तसं लांब शिंग हवंच असेल तर मान जाड करा आणि गेंड्यासारखा खांद्यापाशी उंचवटा द्या, म्हणजे डोकं पेलणारे स्नायू आहेत असं दिसेल.

जागा: दोन्ही डोळ्यांना जोडणाऱ्या रेषेच्या थोडं वर, कपाळाच्या सपाट हाडावर. कानांच्या मध्ये काढलं की ते चिकटवलेलं वाटतं. बूड कपाळावरच्या झुलपांत थोडं झाकावं.

कोन सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच बहुधा चुकतो. चरताना घोड्याचा चेहरा जवळजवळ उभा असतो. शिंग कपाळाला काटकोनात असेल तर त्या वेळी ते आडवं पुढे राहतं आणि गवताला तोंड लागतं. तेच शिंग नाकाकडे ४५ अंश झुकवून ९० सेंटिमीटरचं केलं, तर तोंडाआधी टोक जमिनीत घुसेल आणि प्राणी उपाशी मरेल. पाण्यात शिंग बुडवण्याचं चित्र असेल (का बुडवतो ते प्रश्न १२ मध्ये) तर त्याला पुढचे गुडघे टेकून हनुवटी छातीकडे घ्यावी लागते. क्लॉइस्टर्सच्या पडद्यात तो ओढ्याकाठी गुडघे टेकूनच बसला आहे.

७. शिंगाला पीळ का असतो?

कारण युरोपातल्या लोकांनी हातात घेतलेलं “युनिकॉर्नचं शिंग” हा नारव्हालचा दात होता. नारव्हाल हा उत्तर ध्रुवाजवळच्या थंड समुद्रातला दातांचा देवमासा. सुळा सोडून अंग चार ते पाच मीटर. नरामध्ये वरच्या जबड्यातला डावा सुळा वरचा ओठ भेदून पुढे वाढतो आणि अडीच-तीन मीटरपर्यंत जातो. उजवा बहुधा कवटीतच दबून राहतो. पीळ दात वाढतानाच पडतो. त्यामुळे दात एका बाजूला न वाकता सरळ वाढतो, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं.

पिळाची दिशा ठरलेली असते, आणि चित्रकारांनी ती जरूर पाळावी. सुळा उभा धरला की समोरच्या बाजूची खाच खालून उजवीकडून वर डावीकडे चढते, म्हणजे दुकानात मिळणाऱ्या नेहमीच्या स्क्रूच्या आट्यांच्या उलट. सुळा उलटा धरला तरी हे बदलत नाही. क्वचित एखाद्या नराला दोन सुळे येतात. तेव्हा ते आरशातल्या प्रतिमेसारखे असावेत असं वाटतं, पण दोन्हींचा पीळ डावाच असतो. काही माद्यांनाही सुळा येतो.

गेंड्याच्या शिंगाला पीळ नसतो. काळविटाला असतो, पण तिथे अख्खं शिंगच वळसे घेत जातं. नारव्हालमध्ये दांडा सरळ आणि पीळ पृष्ठभागावर.

८. समुद्रातल्या प्राण्याचा दात जमिनीवरच्या प्राण्याचं शिंग म्हणून इतकी शतकं कसा खपला?

विकत घेणाऱ्यानं नारव्हाल पाहिला नव्हता आणि विकणाऱ्याला तो दाखवण्यात रस नव्हता. दहाव्या शतकाच्या अखेरीस नॉर्स लोक ग्रीनलंडमध्ये वसले आणि तिथून हे सुळे उत्तर युरोपमार्गे दक्षिणेला जाऊ लागले. वाटेत हात बदलत गेले, तशी मूळची माहिती गळत गेली. दक्षिणेत पोचलेला खरेदीदार एवढंच पाहायचा की वस्तू पांढरी, कठीण आणि लांब आहे, आणि कुठल्याही ओळखीच्या गुराच्या शिंगाशी ती जुळत नाही.

श्रद्धेचाही भाग होता. हिब्रू बायबलचं ग्रीक भाषांतर झालं तेव्हा मूळच्या रानबैलाच्या जागी एकशिंगी प्राणी आला, आणि १६११ च्या इंग्रजी बायबलमध्येही युनिकॉर्न नऊ ठिकाणी आहे. धर्मग्रंथात असलेल्या प्राण्यावर शंका घेणं सोपं नव्हतं.

१५७७ मध्ये मार्टिन फ्रोबिशर या इंग्रज दर्यावर्दीच्या मोहिमेला उत्तर अमेरिकेच्या टोकाकडे मेलेला नारव्हाल सापडला. त्यांनी त्याला समुद्री युनिकॉर्न ठरवलं आणि सुळा राणी एलिझाबेथला दिला. कोडं नीट सुटलं ते १६३८ मध्ये. ओले वर्म या डॅनिश वैद्यानं सुळा अजून जागेवर असलेली नारव्हालची कवटी तपासली आणि हे शिंग नसून दात आहे, असं दाखवलं. शिंगाच्या औषधी गुणांवरचा त्याचा स्वतःचा विश्वास मात्र टिकून होता. डेन्मार्कच्या राजांचं सिंहासन त्यानंतर, १६६२ ते १६७१ या काळात घडलं आणि त्यात नारव्हालचेच सुळे वापरले. ते कोपनहेगनच्या रोसेनबोर्ग किल्ल्यात पाहायला मिळतं.

९. शिंगानं विष ओळखता येतं, हे लोक तपासून बघत नव्हते का?

बघत होते, आणि त्या चाचण्या कुठे चुकत होत्या हेच यातलं शिकण्यासारखं आहे. शिंग पाण्यात टाकलं की बुडबुडे आले पाहिजेत. शिंगानं आखलेल्या वर्तुळातून कोळी बाहेर जाऊ नये. विषाजवळ नेलं की शिंगाला घाम यावा.

फ्रान्सच्या राजाचा शल्यवैद्य अँब्रुवाज पारे यानं १५८२ मध्ये हे सगळं खोडून काढलं. बुडबुडे कुठल्याही सच्छिद्र वस्तूतून निघतात. आत अडकलेली हवा बाहेर येते इतकंच. घाम म्हणजे थंड, गुळगुळीत पृष्ठभागावर जमणारं दव. संगमरवर आणि आरशावरही ते येतं. ज्या पाण्यात शिंग भिजवलं त्यात त्यानं भेक ठेवला. तीन दिवसांनी तो तितकाच तरतरीत होता. राजाच्या पेल्यात युनिकॉर्नचा तुकडा बुडवण्याची रीत त्या वेळी दरबारात चालू होती, हे लक्षात घेतलं तर पारेचं धाडस कळतं.

रसायनाच्या अंगानं पाहिलं तर नारव्हालचा सुळा हा दाताचाच पदार्थ आणि गेंड्याचं शिंग म्हणजे केराटिन, जे आपल्या नखांत असतं. दोन्हींत विषावर उतारा नाही. गेंड्याच्या शिंगाची मागणी तरीही संपलेली नाही आणि त्यापायी गेंडे आजही मारले जातात. मुलांशी बोलताना हा भाग वगळू नका.

१०. युनिकॉर्न म्हणून एक गेंडा गोव्याहून युरोपला पाठवला होता, हे खरं आहे का?

गेंडा गेला होता, पण गेंडा म्हणूनच. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशाह यानं तो पोर्तुगीजांना भेट दिला. गोव्यातून पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द अल्बुकर्कनं जानेवारी १५१५ मध्ये तो जहाजावर चढवला आणि २० मे १५१५ रोजी तो लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपनं पाहिलेला हा पहिला जिवंत गेंडा मानतात. राजा मॅन्युएलनं पुढे तो पोपला भेट म्हणून पाठवला, पण १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं आणि साखळदंडात असलेला गेंडा त्यात गेला.

न्यूरेंबर्गचा चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर यानं तो न पाहता, एक पत्र आणि एक रेखाटन यांवरून लाकडी ठशाचं चित्र केलं. त्यात कातडीच्या घड्यांचं चिलखत झालं आहे आणि मानेमागे पाठीवर एक छोटं पिळाचं जादा शिंग उगवलं आहे. पुढे दोन-अडीच शतकं युरोपातले गेंडे या चित्रावरूनच काढले गेले. ऐकीव माहितीतून प्राणी कसा घडतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

११. तो शिंग दगडावर घासून हत्तीचं पोट फाडतो म्हणतात. हे गेंड्याला लागू आहे का?

प्लिनीनं हे गेंड्याबद्दलच लिहिलं आणि नंतर ते युनिकॉर्नला चिकटलं. लिस्बनमध्ये ३ जून १५१५ ला हे पडताळण्यासाठी हत्ती आणि गेंडा समोरासमोर आणले. कोवळ्या वयाचा हत्ती घाबरून पळाला आणि झुंज झालीच नाही. शिंग घासण्यात तथ्य आहे. गेंडा ते झाडांवर, दगडांवर घासतो. पण भारतीय गेंडा झुंजीत मुख्यतः शिंग वापरत नाही. खालच्या जबड्यातल्या पुढच्या धारदार दातांनी तो चिरतो.

१२. कुमारिका दिसली की तो येऊन मांडीवर डोकं ठेवतो, ही कल्पना कुठून आली?

ग्रीक भाषेतला, इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतला फिजिओलोगस हा प्राण्यांवरचा ख्रिस्ती ग्रंथ हे तिचं ठिकाण. तिथला युनिकॉर्न शेळीच्या करडाएवढा, पण शिकाऱ्याला न जुमानणारा आहे. कुमारिकेला रानात बसवतात, तो तिच्या मांडीत उडी घेतो आणि पकडला जातो. सापानं विषारी केलेल्या पाणवठ्यात तो शिंगानं क्रूस काढतो आणि मग बाकीचे प्राणी पाणी पितात, हेही त्याच परंपरेतलं.

काही अभ्यासकांना यात ऋष्यशृंगाची कथा दिसते. हरिणीच्या पोटी जन्मलेला, डोक्यावर शिंग असलेला, स्त्री कधीही न पाहिलेला हा मुनी; अंगदेशात पाऊस पडावा म्हणून रोमपाद राजा त्याला स्त्रियांकरवी भुलवून आणतो. रानातला एकशिंगी, त्याला फक्त स्त्रीच आणू शकते आणि त्याच्या येण्यानं पाणी मिळतं, एवढा सांगाडा जुळतो. दुवा शक्य आहे. सिद्ध झालेला नाही.

१३. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर युनिकॉर्न आहे. मग तो भारतात होता, नाही का?

मुद्रांवर सर्वाधिक दिसणारा प्राणी तोच, हे बरोबर. काळ साधारण इ.स.पू. २६०० ते १९००. अंग बैलाचं, शिंग एकच आणि बाकदार, समोर उभ्या खांबावर भांड्यासारखी वस्तू. ती काय आहे यावर एकमत नाही.

“बाजूनं काढल्यामुळे दोन शिंगांचं एक दिसतं” हे उत्तर पुरेसं पडत नाही, कारण त्याच मुद्रांवर इतर बैल बाजूनं काढूनही दोन शिंगांचे दाखवले आहेत आणि एकशिंगी प्राण्याच्या मातीच्या मूर्तीही सापडल्या आहेत. म्हणजे कारागिरांना एकच शिंग दाखवायचं होतं. त्यावरून तो प्राणी होता असं मात्र ठरत नाही. त्या मुद्रांवर तीन डोक्यांचे प्राणीही आहेत. क्टेसियस त्यानंतर सुमारे दीड हजार वर्षांनी आला आणि मधला धागा सापडलेला नाही.

१४. कवटीच्या मध्यावर सांधा असतो, तिथे शिंग येऊच शकत नाही. मग ही चर्चा कशाला?

हा आक्षेप जॉर्ज कुव्हिए या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाचा: दुभंगलेल्या खुरांच्या प्राण्यांत कपाळाचं हाड दोन तुकड्यांचं असतं आणि सांध्यावर शिंग उगवणार नाही. आक्षेप वजनदार आहे, पण त्यात एक गृहीत धरलं आहे की शिंग हाडातून उगवतं.

गुरं पाळणाऱ्याला याचं उत्तर ठाऊक असतं. वासराच्या डोक्यावर शिंगाची कळी हाताला लागते तेव्हाच, पहिल्या काही आठवड्यांत, ती डागली की शिंग येत नाही. म्हणजे शिंगाचं बीज कातडीत असतं. हाडाशी ते मागाहून जुळतं.

अमेरिकेत मेन विद्यापीठातल्या फ्रँकलिन डव्ह यानं १९३३ मध्ये हेच वापरलं. एक दिवसाच्या आयरशायर जातीच्या गोऱ्ह्याच्या दोन्ही कळ्या कातडीसकट सोडवल्या, एकमेकींना टेकणाऱ्या कडा सरळ कापल्या आणि कपाळाच्या मध्यावर, बरोब्बर सांध्यावर, शेजारी शेजारी बसवल्या. दोन्ही मिळून एकच सरळ शिंग वाढलं आणि ते कवटीला पक्कं जुळलं. बैल मोठा झाल्यावर त्या शिंगानं कुंपण उचलून खालून जायचा. डव्हनं हे १९३६ मध्ये प्रसिद्ध केलं. घरी असं काही करू नये, हे वेगळं सांगायला नको. ही शस्त्रक्रिया आहे आणि जनावराला वेदना होतात.

१५. इटलीत एकशिंगी हरिण जन्मलं होतं ना?

हो, प्रातो इथल्या निसर्ग केंद्रात. २००८ मध्ये ते जगाला कळलं. ते रो जातीचं होतं आणि त्याच्या जुळ्या भावंडाला नेहमीसारखी दोन शिंगं होती. म्हणजे ही वाढीतली विकृती, वेगळी जात नव्हे. शिवाय अशा हरिणांची शिंगं भरीव हाडाची असून दरवर्षी गळतात. बैल, शेळी, काळवीट यांची शिंगं पोकळ आवरणाची आणि कायमची.

१६. युनिकॉर्नचे जीवाश्म सापडल्याच्या बातम्या येतात. त्या किती खऱ्या?

दोन वेगळ्या गोष्टी एकत्र फिरतात. पहिली जुनी आहे. १६६३ मध्ये जर्मनीत क्वेडलिनबुर्गजवळ हाडं निघाली आणि त्यांतून दोनच पाय असलेला एक “युनिकॉर्न” उभा केला गेला; जर्मन तत्त्वज्ञ लायबनिट्सच्या मरणोत्तर छापलेल्या ग्रंथात त्याचं चित्र आहे. हाडं खरी होती, पण मॅमथ आणि लोकरी गेंडा यांसारख्या हिमयुगातल्या मोठ्या प्राण्यांची. वेगवेगळ्या जनावरांची हाडं एका सांगाड्यात घातली की असंच होतं.

दुसरी गोष्ट एलास्मोथेरियमची, ज्याला सायबेरियाचा युनिकॉर्न म्हणतात. तो सुमारे साडेतीन टनांचा, गेंड्याच्या कुळातला प्राणी होता. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कालमापनानुसार तो किमान ३९,००० वर्षांपूर्वीपर्यंत होता. त्याचं शिंग मात्र सापडलेलं नाही. कवटीवरच्या घुमटासारख्या उंचवट्यावरून ते असावं असं मानतात. त्याची आठवण टिकून क्टेसियसपर्यंत आली, या म्हणण्याला आधार नाही.

१७. चीनचा चिलिन म्हणजे युनिकॉर्नच का?

नाही. त्याला कधी एक शिंग असतं, कधी दोन, अंगावर खवले असतात आणि त्याचं दिसणं शुभ मानतात. १४१४ मध्ये बंगालच्या सुलतानाकडून मिंग दरबारी जिराफ गेला, तेव्हा त्यालाच चिलिन मानलं गेलं.

१८. स्कॉटलंडच्या युनिकॉर्नला साखळी का बांधलेली असते?

राजचिन्हांच्या परंपरेत तो इतका अनावर मानला जातो की मोकळा ठेवणं धोक्याचं. साखळीचा अर्थ बहुधा असाच लावतात. १६०३ मध्ये स्कॉटलंडचा राजा इंग्लंडच्या गादीवर आला आणि तेव्हापासून ब्रिटिश राजचिन्हात एका बाजूला इंग्लंडचा सिंह, दुसऱ्या बाजूला हा साखळीतला युनिकॉर्न उभा असतो.

१९. पंख असलेला युनिकॉर्न जुन्या ग्रंथांत आहे का?

इथे सांगितलेल्या ग्रंथांत नाही. पंखांचा घोडा म्हणजे ग्रीक कथांतला पेगॅसस, आणि त्याला शिंग नाही. दोघांना जोडून झालेला प्राणी आजच्या खेळण्यांत आणि कार्टूनमध्ये भेटतो. इंद्रधनुषी आयाळही तिकडचीच.

२०. आजोबांच्या पेटीत एक पिळाचं शिंग सापडलं. युनिकॉर्नचं म्हणजे नारव्हालचं असेल का?

भारतात बहुतेक वेळा ते काळविटाचं निघतं. आधी बूड पाहा. खोल पोकळी असेल किंवा आत हाडाचा गाभा असेल आणि बाहेरचं आवरण काळपट, कंगोरे असलेलं, अख्खं शिंगच वळसे घेणारं असेल, तर काळवीट. भरीव, खडबडीत, फांद्या फुटलेलं आणि बुडाशी जाड कडं असलेलं असेल तर चितळ किंवा सांबर. तंतूंचं बनलेलं, आत हाड नसलेलं, बुडाशी उथळ खळगा असलेलं असेल तर गेंडा असू शकतो. पांढरट, पूर्ण सरळ दांडा, पृष्ठभागावर प्रश्न ७ मध्ये सांगितलेला डावा पीळ आणि बुडापासून बऱ्याच लांबीपर्यंत पोकळी असेल, तरच नारव्हालचा विचार करा. तासून किंवा जाळून पाहू नका. वस्तूही जाते आणि पुरावाही.

काळवीट आणि गेंडा दोन्ही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालकीच्या प्रमाणपत्राशिवाय त्यांची शिंगं घरात ठेवता येत नाहीत आणि विकता तर मुळीच येत नाहीत. नारव्हालच्या सुळ्याच्या देशोदेशींच्या व्यापारावरही आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण आहे. शिंग कुणाला देऊ नका, विक्रीसाठी त्याचे फोटो टाकू नका. ते आहे त्या स्थितीत ठेवा आणि जवळच्या वनविभागाच्या कार्यालयाला लेखी कळवून पोच घ्या.